कडुनिंब चांगला, पण रूट कॅनॉलमध्ये?

संपादक महोदय,

आमच्या चोपड्याकडे दात दुखला की कोणी ना कोणी कडुनिंबाची काडी चावायला सांगतंच, आणि आता व्हॉट्सॲपवर फिरतंय की रूट कॅनॉल करताना, म्हणजे दाताच्या मुळातली सडलेली नस काढून आतली नळी साफ करताना, तीपण कडुनिंबाच्या अर्कानेच धुवून घ्या म्हणून. अगदीच थाप नाहीये ती. कडुनिंब, त्रिफळा, ग्रीन टी यांच्या अर्कांवर प्रयोग झालेत, रूट कॅनॉल फेल गेलेल्या दातात एन्टेरोकॉकस फिकॅलिस नावाचा चिवट जंतू बऱ्याचदा सापडतो, त्याच्यावर लॅबमध्ये ते चालतातही. पण बहुतेक प्रयोग काढलेल्या दातांवर, नाहीतर काचेच्या बशीत!

ही नळी धुवायला डॉक्टर बारीक सुईने आत सोडतात ते सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे आपलं ब्लीचच, ०.५ ते ५.२५ टक्क्यांचं, ते जंतू मारतंच शिवाय आतली सडलेली नसही विरघळवतं, पाल्याच्या रसाला ते कुठून जमणार. हां, मुळाच्या टोकाबाहेर गेलं तर मात्र भयंकर आग आणि सूज, म्हणून तर सौम्य पर्याय शोधताय लोक. शोधू द्या की. पण तोवर पाला वाटून किडक्या दातात भरत बसू नका, आत पू साचत राहतो आणि मग रात्री-बेरात्री गाल धरून जळगाव गाठावं लागतं. दातांच्या डॉक्टरांनीपण खुर्चीत बसवल्यावर काय सोडतोय ते पेशंटला दोन शब्दांत सांगावं, तेवढा वेळ तर असतोच ना.

– एक वाचक, चोपडा