नाताळचा सिनेमा अंगणात दाखवताना

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

फत्तेगंजातल्या मुलांना नाताळच्या आठवड्यात अंगणात येशूच्या जन्माचा सिनेमा ‘द नेटिव्हिटी स्टोरी’ दाखवायचं तुम्ही ठरवलंत, फार बरं केलंत. 2006 चा हा सिनेमा पहिल्यांदा व्हॅटिकनमध्ये दाखवला गेला. मरीया आणि योसेफ त्यात तुमच्याआमच्यासारखे दमतात, घाबरतात. दमून झोपलेल्या योसेफाचे पाय मरीया धुते, तेवढा प्रसंग कुणाचा चुकू देऊ नका.

बाबा, सुरुवातीची काही मिनिटं मात्र पुढे सरकवा. हेरोद राजाचे सैनिक बेथलेहेमात बाळांना मारायला शिरतात, तिथूनच सिनेमा उघडतो. लहानगी बिथरतील. पुढे कथा वर्षभर मागे जाते. तिथून लावलंत तरी काही अडत नाही.

शेवटाकडेही लक्ष असू द्या. मेंढपाळ आणि मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, एकाच रात्री गव्हाणीपाशी पोचतात, ते सिनेमापुरतं. मेंढपाळ लूकच्या शुभवर्तमानात आहेत, मागी मत्तयच्या. आणि मत्तय सांगतो की ते घरात गेले. तीन होते असंही तो म्हणत नाही, तीन आहेत त्या भेटी. म्हणून आई, आधी तू लूक 2:1-20 वाचून दाखव आणि संपल्यावर मत्तय 2:1-12. शास्त्र कानावर पडलेलं असलं की मुलं स्वतःच फरक पकडतात, आणि मला तर सिनेमापेक्षा तेच मोलाचं वाटतं.

आता पडद्याचं. दोन मीटर रुंद चित्रासाठी साधा प्रोजेक्टर साधारण तीन मीटरवर ठेवावा लागतो, पण मॉडेलप्रमाणे फरक पडतो, तेव्हा आदल्या रात्री लावून बघा. एकेरी चादरीतून उजेड आरपार जातो आणि चित्र फिकं पडतं. दुहेरी पांढरं कापड घ्या आणि चारी बाजूंनी ताणून बांधा, नाहीतर वाऱ्याने चेहरे हलतात. पावणेसातच्या आधी सुरू करू नका, उजेडात काही दिसत नाही. आवाज ब्लूटूथवरून घेतलात तर ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतात, म्हणून स्पीकर वायरनेच जोडा आणि पडद्याजवळ ठेवा.

सिनेमा 101 मिनिटांचा आहे. मरीया तिची नातलग अलीशिबा हिच्याकडून आपल्या गावी नासरेथला परतते तिथे थांबवा आणि करंज्या तेव्हाच वाटा, म्हणजे पुढे कुणी उठणार नाही. भाषा इंग्रजी आहे, तेव्हा गुजराती शाळेतल्या मुलांसाठी बाबांनी मधूनमधून दोन वाक्यांत सांगावं. प्रसंग चालू असताना नको.

पाळकसाहेब हाच सिनेमा चर्चच्या हॉलमध्ये सगळ्यांसाठी लावू म्हणाले, तर हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची लेखी परवानगी आधी मागवायला सांगा. घरगुती सबस्क्रिप्शन किंवा डीव्हीडी त्याला चालत नाही. उत्तर यायला वेळ लागतो, तेव्हा नोव्हेंबरातच लिहिलेलं बरं.

आई, थंडीत बाहेर बसशील तर शाल घे.

तुमची,
लेक