जॉइंटच करतो, पण ट्रकचे नाही

ब्राउन्सबर्ग, इंडियाना
२४ ऑगस्ट २०२५

ती. आबा यांस,
सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढं शिकून, एवढं लांब जाऊन तिथं पण जॉइंटच करतोस होय रे?" मी उत्तर देईपर्यंत तुम्ही नेहमीप्रमाणे फोन आईकडं दिलात. फोनवर तुमच्याशी दोन मिनिटांच्या वर बोलणं होत नाही, म्हणून हे पत्र. संदीपलाही वाचायला द्या. दुकानासाठी शाफ्टचं बॅलन्सिंग मशीन घ्यायचं त्यानं जे काढलंय त्यावर शेवटी लिहिलंय, पण मधलं गाळून एकदम तिथं उडी मारायची नाही म्हणावं.

तर हो, जॉइंटच करतो, म्हणजे इंजिनची फिरकी मागच्या चाकांकडं नेणारे शाफ्ट आणि त्यांचे जॉइंट. फक्त ट्रकचे नाहीत, ड्रॅग रेसच्या गाड्यांचे. इंडियानापोलिसच्या पश्चिमेला हे गाव आहे आणि रेसच्या कितीतरी टीमची वर्कशॉपं इथंच आहेत. शेजारच्या क्लेरमाँटला रेसची पट्टी आहे. तिथं १९६१ पासून दर वर्षी लेबर डेला यूएस नॅशनल्स भरतात, यंदा नेमक्या आपल्या गणपतीच्याच आठवड्यात. त्यामुळं दुकानात सध्या पाय ठेवायला जागा नाही. शर्यत म्हणजे काय, तर सरळ पाव मैल, ४०२ मीटर. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो आणि काही सेकंदांत सगळं आटपतं. संदीपनं तुम्हाला मोबाइलवर दाखवल्या त्या लांबलचक, ज्वाळा ओकणाऱ्या टॉप फ्युएल गाड्या वेगळ्या. त्या २००८ पासून हजार फूटच धावतात, आणि त्यांचं इंजिन ड्रायव्हरच्या मागं, मागच्या हाउसिंगला, म्हणजे मागची चाकं फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीला, जवळजवळ चिकटून असतं, त्यामुळं लांब शाफ्टचा प्रश्नच येत नाही. आमचं गिऱ्हाईक म्हणजे जुन्या घरगुती गाडीत राक्षसी इंजिन बसवणारी माणसं.

असाच एक जण या महिन्यात १९६९ ची शेव्हरले नोव्हा घेऊन आला. टर्बो लावलेलं, अकराशे हॉर्सपॉवरच्या वरचं इंजिन, मागं फोर्डचं नऊ इंची हाउसिंग, ड्रायव्हरसकट वजन १,५०० किलो. पाव मैल साडेआठ सेकंदांत कापते आणि शेवटाला वेग ताशी २५७ किलोमीटर. त्याचं मागणं एकच: "बाजारात असेल तो सगळ्यात हलका शाफ्ट द्या." आणि जाता जाता म्हणाला, शेवटच्या शंभर मीटरला गाडी थरथरते, टायर बदलले, इंजिनचे माउंट बदलले, थांबत नाही.

मी जुना शाफ्ट काढून बाकावर घेतला. तीन इंची पाइप, साधारण चौदा गेज जाडीचा. गिअरबॉक्समध्ये सरकणारा, शाफ्टच्या टोकाचा स्लिप योक बघितला तर एकाच बाजूला आरशासारखी चकाकी, बाकी अंग मळकट. गिअरबॉक्सच्या शेपटातलं बुश मात्र चहूबाजूंनी खाल्लेलं, सील गळतंय. आबा, तुम्ही असता तर पाइपला हात न लावता सांगितलं असतंत. योक एका बाजूला आणि बुश सगळीकडून झिजलं, म्हणजे शाफ्ट वाकून, तसाच वाकलेला फिरतोय. त्याची तीच बाजू दर फेऱ्याला बुशावर घासतेय.

पण शाफ्ट सरळ होता. डायल गेज लावलं, काटा पाच थाऊ, म्हणजे इंचाचे पाच हजारावे भागसुद्धा हलला नाही. मग वाकतोय कुठं? तर नुसता वेगानं. प्रत्येक शाफ्टचा एक क्रिटिकल स्पीड असतो. त्या फेऱ्यांना पोचला की दोरीवरच्या उड्यांची दोरी जशी मधून फुगते तसा तो मधून फुगतो. नोव्हाचा टायर २८ इंची आणि हाउसिंगचा रेशो ३.७० (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ३.७०), म्हणजे २५७ च्या वेगाला शाफ्टचे मिनिटाला ७,१०० फेरे होतात. आणि ५२ इंच लांब, तीन इंची पोलादी पाइपचा क्रिटिकल स्पीड हिशोबानं येतो सुमारे ७,२००. म्हणजे दर रेसला तो बिचारा मरणाच्या दारापर्यंत जाऊन परत येत होता. हिशोबाच्या तीन चतुर्थांशाच्या वर शाफ्ट फिरवू नये असा इथला रिवाज आहे.

आपल्याकडं हा प्रकार दिसत नाही, कारण ट्रकचं डिझेल अडीच हजारांच्या आसपास थांबतं. तरीही लांब ट्रकला एक अखंड शाफ्ट टाकत नाहीत, मधे सेंटर बेअरिंग देऊन दोन तुकडे करतात, ते याच भीतीनं. लांबी निम्मी केली की क्रिटिकल स्पीड चौपट होतो. व्यास वाढवला तर तेवढ्याच पटीत वाढतो. पाइपची जाडी वाढवून मात्र जवळपास काहीच पदरात पडत नाही, कारण ताठपणाबरोबर वजनही वाढतं.

आता अॅल्युमिनियमचं बघा, कारण संदीपचा हाच प्रश्न होता. अॅल्युमिनियम पोलादाच्या एक तृतीयांश वजनाचं, पण त्याचा ताठपणाही पोलादाच्या एक तृतीयांशच. त्यामुळं त्याच व्यासाचा अॅल्युमिनियमचा पाइप घेतला तर क्रिटिकल स्पीड जवळजवळ तोच राहतो! लोक अॅल्युमिनियमला जे श्रेय देतात ते खरं तर जाड व्यासाचं असतं. वजन कमी म्हणून चार इंची पाइप परवडतो, आणि चार इंची म्हणून तो फुगत नाही. चार इंची पोलादानंही तेच काम होतं.

राहिली ताकद. कागदावर मांडलं तर भीतीच वाटते. इंजिनचा टॉर्क, म्हणजे पिळायची ताकद, १,३०० न्यूटन-मीटर, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या कन्व्हर्टरमध्ये तो दुप्पट धरा, गिअरबॉक्सच्या पहिल्या गिअरला २.४८ पट, म्हणजे साडेसहा हजारांच्या आसपास. पण एवढा टॉर्क शाफ्टपर्यंत येऊन टिकतच नाही, त्याआधी टायर घसरतो. टायरच्या पकडीवरून उलटा हिशोब केला की या गाडीत तीन हजारांच्या आसपास येतो. एवढा भार ऊस भरलेला आपला ट्रकही पहिल्या गिअरला चढावर शाफ्टवर टाकतो. फरक असा की ट्रक तो हळूहळू टाकतो. इथं ट्रान्सब्रेक म्हणून बटण असतं, गिअरबॉक्स आतल्या आत बांधून ठेवतात, इंजिन ताणून धरतात आणि बटण सोडलं की सगळा भार एका क्षणात. हा दणका हिशोबात नीट बसत नाही, म्हणून निदान दुप्पट ताकदीचं घ्यायचं.

इथं अॅल्युमिनियम मागं पडतं. त्याच्या एक सूत जाड पाइपची मूळ ताकद पुरेशी आहे, पण योक वेल्ड केला की वेल्डशेजारच्या पट्ट्यात ती निम्म्याच्या आसपास येते. सहाशे-सातशे हॉर्सपॉवरच्या, रस्त्यावरही चालणाऱ्या गाडीला मी खुशाल अॅल्युमिनियम देईन. ट्रान्सब्रेकच्या नोव्हाला नाही. कार्बन फायबर या सगळ्यांत सरस, हलकं आणि ताठ, आणि तुटलं तर झाडूसारखं विंचरून जातं, लोखंडी दांडक्यासारखं गाडीचा तळ फोडत नाही. पण किंमत पोलादीच्या दुपटीहून जास्त, योक वेल्ड न करता चिकटवलेले, नंतर लांबी कमी करायची सोय नाही आणि खडा लागून आतून इजा झाली तर वरून कळत नाही. शिवाय या गाडीचा एक्झॉस्ट पाइप शाफ्टच्या अगदी अंगावरून जातो. त्याला तापणारा डिंक आम्हाला नको होता.

शेवटी दिला तो चार इंची क्रोमोली पोलादाचा, तोच चौदा गेज. क्रिटिकल स्पीड साडेनऊ हजारांच्या वर. मालकाचं तोंड उतरलं, "म्हणजे जडच की!" मग मी त्याच्यासमोर वजन मांडलं. अॅल्युमिनियमपेक्षा पाइप तीन किलोनं जड. फिरणाऱ्या वजनाचा जो बागुलबुवा करतात तो चाकाच्या कडेला खरा असतो. शाफ्टचं वजन मध्यापासून जेमतेम दोन इंचांवर फिरतं, त्याचा जादा बोजा किलोभरसुद्धा नाही. पंधराशे किलोच्या गाडीत हे चार किलो शोधायला जाण्यापेक्षा त्यानं पोट थोडं कमी करावं. हे मी मनात म्हटलं, तोंडावर नाही. परवा टेस्टला जाऊन आला. थरथर गेली. वेळ तीच आली, आणि ती बदलणारही नव्हती.

एक गोष्ट तुम्हाला मुळीच पटणार नाही. जॉइंटच्या मधल्या या क्रॉसला ग्रीसचं निप्पल नसतं. निप्पलसाठी क्रॉस आतून पोकळ करावा लागतो आणि तुटतो तो तिथूनच, म्हणून भरीव क्रॉस घालतात. इथं गाडी आठ सेकंद धावते आणि मग दिवसभर जॅकवर असते, क्रॉस हातानं हलवून बघायला वेळच वेळ. उसाच्या सीझनमध्ये चिखलातनं जाणाऱ्या ट्रकला हे चालणार नाही. तुमचं निप्पल आणि तुमची ग्रीसगन तुमच्याकडं बरोबर आहे.

पुढच्या जॉइंटखाली लूप लावल्याशिवाय अशी गाडी पट्टीवर सोडतच नाहीत. नॅशनल हॉट रॉड असोसिएशनचा नियम आहे: पोलादी पट्टी दोन सूत जाड, दोन इंच रुंद, शाफ्टभोवती पूर्ण वळसा, आणि पुढच्या जॉइंटपासून सहा इंचांच्या आत. पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्टचं टोक खाली पडून रस्त्यात रुततं आणि गाडी मागून उचलली जाते, ते होऊ नये म्हणून. घाटात ट्रकचा पुढचा जॉइंट सुटल्याच्या गोष्टी तुम्हीच सांगितल्यात. आपल्या दुकानात येणाऱ्या ट्रकला अशी पट्टी मारून द्यायला खर्च किती येईल? उद्यमनगरात भंगारातनं सुद्धा निघेल. विचार करा.

आता संदीपचं मशीन. घ्यावं, माझं मत आहे, पण दोन अटींवर. एक, मशीन असं हवं की दोन तुकड्यांचा शाफ्ट सेंटर बेअरिंगसकट अखंड चढेल. तुकडे वेगवेगळे बॅलन्स करून जोडले की पुन्हा थरथर, मग गिऱ्हाईक मशीनला शिव्या घालणार नाही, आपल्याला घालेल. दोन, मशीनआधी चांगलं डायल गेज आणि दोन व्ही-ब्लॉक. वाकड्या पाइपला वजनं चिकटवून मशीनवर आकडा शून्य आणता येतो, पण तो वाकडाच राहतो. इथं वेल्डिंग झालं की आधी गॅसनं शेकून पाइप दहा थाऊच्या आत सरळ करतात, दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत का बघतात, आणि मगच मशीनवर चढवतात. हा क्रम संदीपनं भिंतीवर लिहून ठेवावा. पुण्याच्या डीलरनं दिलेला कागद मला पाठवायला सांगा. सर्वात लांब किती इंच बसतं आणि किती फेऱ्यांना फिरवतं, हे दोन आकडे मला बघायचेत.

गौरींना वहिनींच्या माहेरची मंडळी येणार म्हणून आई सांगत होती. पैसे मी शुक्रवारीच पाठवलेत, बँकेत बघून घ्या. आईला सा. न., चिमण्याला गोड पापा. कळावे.

तुमचा,
राजू

ता. क. आईच्या गुडघ्याच्या एक्स-रेचा फोटो पाठवायला संदीपला परत सांगा. तो नुसतं "डॉक्टर म्हणाले ठीक आहे" एवढंच पाठवतोय.