मंदारला, सीझन सुरू होण्याआधी

कोल्हापूर,
श्रावण

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

बँक सांभाळून शनिवार-रविवार लग्नाच्या ऑर्डरी घ्यायचं ठरवलंस, झकास! पण लेका, तुझ्या पत्रात दोन पानं बॉडीबद्दल, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्याबद्दल, आणि लेन्सला जेमतेम एक ओळ? पैसे उलट्या क्रमाने घालायचेत.

कार्यालयातला उजेड तुझ्या कॅमेऱ्याची किंमत बघून वाढत नाही. तुझी किटची, कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ लेन्स पंचावन्नला नेलीस की अ‍ॅपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक; आकडा मोठा तितकं भोक लहान) ५.६ वर येतं, म्हणजे २.८ च्या चौथाई उजेड. आता डोळ्यांसमोर आण: शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट खाली, अक्षतांचा मारा, नवरीने हार उचललाय, मध्येच भटजींचा हात आणि चहूबाजूंनी मोबाइल. ते हात हलायला नको असतील तर शटर १/२०० सेकंद तरी हवं. त्यासाठी ५.६ वर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता; वाढवली की फोटोत दाणे येतात) ६४०० ला न्यावा लागत असेल, तर २.८ वर तोच फोटो १६०० ला निघतो. शालूच्या जरीत हा फरक लगेच दिसतो.

म्हणून पहिली खरेदी २४-७० एफ २.८. जुनी चालेल. पण तुझ्या निकॉन डी५६०० चा सेन्सर लहान, त्यावर ती ३६-१०५ सारखी वागेल आणि स्टेजवर दोन्हीकडची वऱ्हाडी मंडळी मावणार नाहीत. म्हणून बॉडी फुल फ्रेमच, म्हणजे मोठ्या सेन्सरची बघ, पण सेकंडहँड. माझं मत निकॉनच्याच डी७५० ला. २०१४ चं मॉडेल आहे, मिररलेसवाले (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांचे भक्त) नाक मुरडतील, मुरडू देत. त्यात दोन मेमरी कार्डं बसतात, तुझ्यात एकच. दोन्हींवर तेच फोटो पडतील असं सेटिंग ठेव. कार्ड गेलं म्हणून मुहूर्त परत काढता येत नाही. घेताना शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत ते विचार. शटर दीड लाखांपर्यंतचं धरलेलं असतं.

सायलेंट (आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक) शटरच्या मोहात पडून मिररलेस घेणार असशील, तर आधी एलईडी दिव्यांखाली ते चालवून बघ. फोटोभर आडवे पट्टे येऊ शकतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. लुकलुक त्रास देईल तिथे मी मेकॅनिकल शटर १/१०० वर ठेवतो आणि हार घालायच्या वेळेला फ्लॅश लावतो.

फ्लॅशचं तुझ्या यादीत नावच नाही! तो घेच. छत पांढरं आणि बेताच्या उंचीचं असेल तर वर मारायचा. मांडवात गुलाबी कापड असेल तर मारू नकोस, नवरीपासून विहिणीपर्यंत सगळ्या गुलाबी होतात.

८५ एफ १.८ जी ही लेन्स नंतर घे. वजन साधारण ३५० ग्रॅम, हळदीतले चेहरे सुरेख येतात. जुनी '१.८ डी' कोणी स्वस्तात दिली तरी जपून: तिच्यात मोटर नाही, तुझ्या आत्ताच्या बॉडीवर ऑटोफोकस होणार नाही. उद्या निकॉनच्या मिररलेस झेड सिरीजला गेलास तर जुन्या लेन्स जोडायच्या त्यांच्या एफटीझेड अडॅप्टरवरही नाही. ७०-२०० ही लांबचं जवळ आणणारी लेन्स विकत घेऊच नकोस, भाड्याने आण. दीड किलोचं धूड दिवसभर गळ्यात घालून पंगतीत फिरून बघ, मग ठरव. लग्नात ती मोठ्या लॉनवर कामाला येते, कार्यालयाच्या स्टेजवर मागे सरकायला जागाच नसते.

तुळशीची लग्नं लागेपर्यंत वेळ आहे. गणपतीनंतर इकडे ये, माझी २४-७० लावून एखाद्या बारशाचे फोटो काढ आणि मगच पैसे मोड.

वहिनींना नमस्कार, छोटीला पापा.

तुझा,
अवधूत

ता. क. – रत्नागिरीची हवा लेन्सला वाईट. ड्राय कॅबिनेट परवडेपर्यंत घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल. जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च मारून बघ. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं की ती बुरशी. किंमत कितीही पाडून दिली तरी परत कर.