हंटवाल्यांची थट्टा जरा कान देऊन ऐका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत इव्हेंटिंगवर आलेला लेख वाचला. इव्हेंटिंग म्हणजे एकाच घोड्यानं आणि स्वारानं ड्रेसाज (चौकटीतल्या शिस्तबद्ध चाली), क्रॉस-कंट्री (मोकळ्या रानातले भक्कम अडथळे) आणि शो-जंपिंग (मैदानातल्या उड्या) अशा तीन कसोट्या देणं. आपला घोडेस्वार फवाद मिर्झा टोकियो ऑलिम्पिकमध्ये उतरला तेव्हापासून आपल्याकडे हा खेळ निदान नावानं तरी माहीत झाला आहे. मराठी वर्तमानपत्रानं त्याला अख्खं पान दिलं याचा मला फार आनंद झाला. एका वाक्याला मात्र हरकत घ्यायची आहे. इंग्लंडमध्ये कोल्ह्याच्या शिकारीच्या परंपरेत वाढलेले स्वार इव्हेंटिंगवाल्यांची टिंगल करतात आणि त्यांना तुच्छ लेखतात, असं त्यात म्हटलं आहे. टिंगल करतात हे खरं आहे. तुच्छ लेखतात हे खरं नाही, आणि ती टिंगल नीट ऐकली तर इव्हेंटिंगच्या काळजाच्या गोष्टी तिच्यात सापडतात.

मी घोड्यांची डॉक्टर आहे आणि कामानिमित्त ग्लॉस्टरशायरमध्ये राहते. हिवाळ्यात माझ्याकडे येणारे बरेचसे घोडे हंटचे, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या टोळीमागे रानातून धावणाऱ्या स्वारांचे असतात, वसंतात इव्हेंटिंगचे. कित्येकदा घोडा तोच असतो, फक्त आयाळीच्या वेण्या आणि खोगीर बदललेलं असतं. उन्हाळ्यात इथल्या छोट्या स्पर्धांमध्ये मी एखाद्या अडथळ्यापाशी पंच म्हणून बसते. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, मांडीवर नोंदीचे कागद. आसपासच्या अडथळ्यांवर बसलेले पंच बहुतेक जुने हंटवाले असतात, कारण पावसात दिवसभर एका जागी थांबण्याची सवय त्यांनाच असते. ही सगळी थट्टा मी त्यांच्याच तोंडून ऐकली आहे.

त्यांचा आवडता विषय म्हणजे मार्गाची पायी पाहणी. क्रॉस-कंट्रीआधी इव्हेंटिंगचा स्वार सगळा मार्ग दोन-तीनदा चालून येतो. दोन अडथळ्यांमधलं अंतर पावलांनी मोजतो, वळण कुठल्या झाडापाशी घ्यायचं ते ठरवतो, फोटो काढतो. "तीनदा भेटलात त्या ओंडक्याला, आता त्याला घरी चहाला बोलवा," असं एक आजोबा प्रत्येक स्पर्धेत म्हणतात आणि दर वेळी सगळे हसतात. हंटमध्ये असं काही नसतं. कुत्री ज्या दिशेला धावतील तिकडे जायचं. समोर काटेरी झुडपांचं कुंपण आलं तर त्याच्या पलीकडे चर आहे, नांगरलेलं शेत आहे की उतार आहे, हे उडी घेतल्यावर कळतं.

पण इथेच थोडं थांबायला हवं. स्वाराला मार्ग पाठ असतो, घोड्याला नसतो. इव्हेंटिंगमध्येही घोडा तो अडथळा पहिल्यांदाच पाहतो. सगळं ज्ञान पाठीवर बसलेल्याकडे असल्यामुळे स्वार घोड्याला प्रत्येक पाऊल सांगत राहतो: आता आखूड, आता लांब, आता ऊठ. चांगल्या हातात हे सुंदर दिसतं. घोड्याला मात्र विचारण्याची सवय लागते. हंटमध्ये दोघांनाही काही माहीत नसतं, म्हणून घोडा स्वतः बघायला शिकतो, पाय कुठे टाकायचा ते स्वतः ठरवतो, अंदाज चुकला तर सावरतो. अशा घोड्याला पाचवा पाय असतो, असं इथले जुने लोक म्हणतात. गेली कित्येक वर्षं जखमी घोड्यांचे पाय तपासताना मला हा पाचवा पाय फार महत्त्वाचा वाटत आला आहे.

कारण क्रॉस-कंट्रीतला सर्वांत भयंकर अपघात दोघांचाही अंदाज एकाच वेळी चुकल्यावर होतो. घोड्याचे पुढचे पाय गुडघ्याच्या वर भक्कम अडथळ्यात अडकतात, त्याचं धड कोलांटी घेतं आणि स्वार खाली सापडतो. १९९९ साली ब्रिटनमध्ये एकाच हंगामात पाच स्वार क्रॉस-कंट्रीत मृत्युमुखी पडले. त्यानंतर ठरावीक जोर बसला की तुटणाऱ्या पिना आल्या, म्हणजे आडवा ओंडका खाली पडतो आणि घोड्याचे पाय सुटतात. हे मोठं काम झालं आणि ते करणाऱ्यांचे मी आभार मानते. पण पिन आपलं काम चूक झाल्यानंतर करते. ती चूक अर्ध्या सेकंदात सावरणारा घोडा आधी घडवावा लागतो. सहा वेगवेगळ्या घोड्यांवर सहा वेळा बॅडमिंटन ही इंग्लंडमधली मोठी इव्हेंटिंग स्पर्धा जिंकणाऱ्या लुसिंडा ग्रीन यांनी पुढे जगभर फिरून क्रॉस-कंट्री शिकवली, तीही घोड्याला स्वतः विचार करू द्या याच आग्रहानं. हंटवाल्यांची चहाची थट्टा ऐकताना मला हेच आठवतं.

दुसरी थट्टा फाटकाची. इव्हेंटिंगचा एखादा घोडा पहिल्यांदाच हंटबरोबर बाहेर पडला की सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे असतात. मीटरभराहून उंच भक्कम ओंडके हसत ओलांडणारा हा घोडा शेताच्या साध्या फाटकापाशी अडतो. खोगिरावरून न उतरता फाटकाला घोडा समांतर लावायचा, चाबकाच्या मुठीच्या आकड्यानं कडी उचलायची, फाटक ढकलत घोड्याला एक एक पाऊल सरकवायचं, मागचे सगळे जाईपर्यंत ते धरून ठेवायचं आणि मग बंद करायचं. शेतकऱ्याची गुरं बाहेर गेली तर पुढच्या वर्षी तो कुणालाच जमिनीवर पाऊल टाकू देणार नाही, म्हणून फाटक बंद करणं हा हंटमधला पहिला धर्म आहे. "पदकं भिंतीवर आणि फाटक उघडता येत नाही," असं म्हणून मंडळी खळखळून हसतात, आणि मग त्यांच्यापैकीच एखादी आजी पुढे होऊन त्या घोड्यावरच्या मुलीला फाटक कसं धरायचं ते शांतपणे शिकवते. ते शिकवणं मी पाहिलं आहे. म्हणूनच 'तुच्छ लेखतात' हे शब्द मला टोचले.

याच्या जोडीला उभं राहण्याची थट्टा. हंटमध्ये घोडा जितका पळतो तितकाच थांबतो. कुत्री झाडोऱ्यात वास शोधत असतात आणि तीस-चाळीस घोडे कडेला उभे असतात. कधी अर्धा तास, कधी जास्त. लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल फीत बांधलेली असते, नवख्याच्या शेपटीला हिरवी. इव्हेंटिंगच्या घोड्याला सुटल्या क्षणापासून एकट्यानं भरधाव जायचं माहीत असतं. त्यामुळे इतक्या घोड्यांमध्ये तो मागच्या पायांवर उभा राहतो, घामाघूम होतो, आणि निघाल्यावर थेट फील्ड मास्टरच्या, म्हणजे सगळ्या स्वारांच्या म्होरक्याच्या पुढे जातो. यापेक्षा मोठा गुन्हा हंटमध्ये नाही. डॉक्टर म्हणून सांगते, जो घोडा गर्दीत शांत उभा राहतो तो ट्रेलरमध्ये, दवाखान्यात आणि स्पर्धेच्या तपासणीतही शांत राहतो. त्याची शक्ती योग्य कामासाठी उरते.

ड्रेसाजवरची थट्टा मात्र मला पटत नाही. वाळूच्या चौकटीत वर्तुळं काढणाऱ्या घोड्याकडे बघून "कोल्हा कधी वर्तुळात पळालाच तर हा सगळ्यांत पुढे असेल," असं ते म्हणतात. वाक्य छान आहे, पण इव्हेंटिंगवाले इथे पूर्णपणे बरोबर आहेत. पाठ सैल सोडून मागच्या पायांवर भार घ्यायला शिकलेला घोडा जास्त वर्षं निरोगी राहतो. जुन्या हंटच्या घोड्यांच्या ताठ पाठी आणि एकाच बाजूला झुकलेली चाल मी रोज पाहते. इथल्या काही हंटवाल्यांनीही हे मान्य करून तरुण घोड्यांना सप्टेंबरपर्यंत ड्रेसाजच्या शिक्षकाकडे धाडायला सुरुवात केली आहे. थट्टा चालू आहे, घोडा शिकायला गेला आहे.

अकरा मिनिटं पळायचं आणि आठवडाभर पाय बर्फात घालून बसायचं, हे त्यांचं म्हणणंही अर्धंच खरं आहे. वरच्या पातळीवर साडेसहा किलोमीटरच्या आसपासचा मार्ग मिनिटाला ५७० मीटर या वेगानं, १.२० मीटर उंचीच्या भक्कम अडथळ्यांवरून पार करायचा असतो. त्याचा स्नायूंवर आणि कंडरांवर पडणारा ताण हंटच्या थांबत-थांबत पळण्यापेक्षा वेगळा आहे. पण हंटचे घोडे उन्हाळ्याच्या सुटीनंतर कसे तयार केले जातात, ते इव्हेंटिंगच्या तरुण मुलांनी पाहावं. कित्येक आठवडे फक्त रस्त्यावरून चालणं, मग दुडकी, घाई नाही. पूर्वी इव्हेंटिंगमध्येही हीच शिस्त होती, कारण क्रॉस-कंट्रीच्या दिवशी आधी रस्त्यांवरचे लांब टप्पे आणि मध्ये शर्यतीसारखा भरधाव टप्पा पार करावा लागे. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकपासून ते टप्पे गेले. घोड्यांवरचा बोजा हलका झाला हे चांगलंच. पण लांबच्या तयारीची सवयही त्यांच्याबरोबर गेली, आणि याची मला खरोखर काळजी वाटते.

आता नात्याबद्दल. इव्हेंटिंगचा जन्म लष्करातला. १९१२ साली स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये हा प्रकार आला तेव्हा तो लष्करी अधिकाऱ्यांपुरता होता. पण ब्रिटनमध्ये तो वाढला हंटवाल्यांच्या अंगणात. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमधली ब्रिटिश स्वारांची कामगिरी पाहून ब्यूफर्टच्या दहाव्या ड्यूकनी आपल्या बॅडमिंटनच्या इस्टेटीत १९४९ साली स्पर्धा भरवली. हे ड्यूक आयुष्यभर हंटचे मास्टर, म्हणजे प्रमुख होते, इतके की लोक त्यांना नावानं न बोलावता 'मास्टर' म्हणत. आजही तिथल्या मार्गात हंट्समन्स क्लोज नावाचा झाडोरा आहे, आणि चरावर तिरक्या लावलेल्या लाकडांचा व्हिकरेज व्ही. चर आणि कुंपण ही हंटच्या मुलखातलीच गोष्ट. त्याहून मागे गेलं तर १७५२ मध्ये आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात बटेव्हंटच्या चर्चपासून डोनरेलच्या चर्चपर्यंत दोन स्वारांनी वाटेतली कुंपणं ओलांडत लावलेली पैज सापडते. तिच्यातून स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांवरची घोड्यांची शर्यत आली, आणि स्टीपलचेस कित्येक दशकं इव्हेंटिंगचा एक टप्पा होता. तेव्हा ही थट्टा मामानं भाच्याची करावी तशी आहे. परक्याची अशी थट्टा कुणी करत नाही.

कोल्ह्याबद्दल मला काय वाटतं ते स्पष्ट लिहिते, नाहीतर हे पत्र अर्धवट राहील. कुत्र्यांकडून कोल्हा मारला जावा हे मला कधीच मान्य नव्हतं आणि आजही नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या कायद्यानं त्यावर बंदी आली, ती १८ फेब्रुवारी २००५ पासून लागू झाली, हे योग्यच झालं. त्यानंतर आधी टाकलेल्या वासामागे कुत्री सोडण्याची पद्धत रूढ झाली. तिच्या आडून जुनी शिकार चालते, असा आरोप आहे, आणि तीही बंद करण्याचं आश्वासन लेबर पक्षानं २०२४ च्या जाहीरनाम्यात दिलं. जिथे कायदा मोडला जातो तिथे शिक्षा व्हावी, त्यात मला काही वाद घालायचा नाही.

माझा आग्रह घोड्यांच्या शाळेसाठी आहे. ब्लडहाउंड जातीच्या कुत्र्यांच्या टोळ्या एका धावणाऱ्या माणसाच्या मागावर सोडल्या जातात. तो माणूस आधी निघतो, शेतकऱ्यांनी परवानगी दिलेल्या वाटेनं पळतो, आणि कुत्र्यांनी गाठल्यावर त्यांच्याकडून मनसोक्त चाटून घेतो. मागे स्वार असतात. त्यांना पुढचं कुंपण माहीत नसतं, घोड्यांनाही नसतं. फाटकं असतात, थांबणं असतं, मास्टरच्या मागे राहणं असतं. कुठल्याही प्राण्याचा जीव जात नाही. पाचवा पाय याच शाळेत तयार होऊ शकतो. कायदा पुढे कुठलंही वळण घेवो, ही शाळा टिकली पाहिजे, आणि ती टिकवण्यासाठी इव्हेंटिंगच्या संघटनांनी पुढाकार घेतला पाहिजे. जे हंटवाले आज माझ्या शेजारच्या अडथळ्यावर पावसात बसतात, ते उद्या नसतील. त्यांच्याकडे असलेलं हे ज्ञान कुठल्याही नियमपुस्तकात लिहिलेलं नाही.

पुढे कुणी मराठी मुलगी किंवा मुलगा इव्हेंटिंग शिकायला इथे येणार असेल, तर माझं सांगणं एवढंच: पागा निवडताना हिवाळ्यात तिथले घोडे काय करतात ते आधी विचारा. नुसते छपराखालच्या वाळूत फिरत असतील तर आणखी एखादी पागा बघा. आणि जुने लोक हसले तर वाईट वाटून घेऊ नका. जवळ जा आणि विचारा.

आपल्यालाही एक विनंती आहे. २०२८ मध्ये लॉस एंजेलिसला, सांता अनिताच्या मैदानावर घोडेस्वारीच्या स्पर्धा होतील. त्या वेळी पदकांच्या तक्त्याबरोबर क्रॉस-कंट्रीच्या मार्गाचा नकाशाही छापा, अडथळ्यांच्या क्रमांकांसह. त्यातला कुठला अडथळा हंटच्या रानातून आला आहे, हे लिहून द्यायला मी तयार आहे.

आपली,
एक वाचक, घोड्यांची डॉक्टर
ग्लॉस्टरशायर, इंग्लंड