मुलांच्या नाचाचे फोटो एडिट करा, मुलांना नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुरवणीत तुम्ही वाचकांनी पाठवलेले मुलांच्या नाचाचे फोटो छापता, ते पान मी न चुकता बघते. हल्ली मात्र बघताना वाईट वाटायला लागलंय. सात-आठ वर्षांची मुलं आणि चेहरे अगदी मेणाचे, घामाचा एक थेंब नाही, डोळे जरा जास्तच मोठे, हनुवटी निमुळती आणि रंग सगळ्यांचा एकसारखा उजळ. नाचून आलेलं मूल असं दिसतच नाही हो. मी स्वतः मुलांच्या नाचाचे कार्यक्रम शूट करते, एडिटिंगही मीच करते, त्यामुळे हे कुठे आणि कसं होतं ते रोज समोर असतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. पत्र लांबलं तर खुशाल कापा, पण मुद्दा तेवढा ठेवा.

एडिटिंगला माझा विरोध नाही. स्टेजवरचा फोटो एडिट केल्याशिवाय धड दिसतच नाही. मागे काळा पडदा, समोर स्पॉट, कॅमेरा पूर्ण फ्रेमचा हिशोब करतो आणि एवढा काळोख बघून एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा उजेड, वाढवून ठेवतो, की चेहरे पांढरेफटक पडलेच म्हणून समजा, म्हणून आम्ही ते मुद्दाम एखादा स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्म्यावर, ठेवतो. मुलं तर एका जागी थांबत नाहीत. उडी किंवा गिरकी पकडायची तर शटर १/५०० सेकंदाच्या आसपास लागतं, निदान १/२५० तरी, १/६० ला एखादवेळेस चेहरा येईल पण हात पुसटच येणार. शटर एवढं फास्ट म्हणजे उजेड आत कमी येणार, मग आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, ३२०० किंवा ६४०० वर न्यायचा आणि मग फोटोभर नॉइज, ते रंगीत दाणे. त्यात आता बहुतेक लाइट एलईडी. निळा किंवा जांभळा फुल मारला की कातडीचा रंगच हरवतो, लाल, हिरवा, निळा यांतला एखादा चॅनल पार फुटतो, म्हणजे भरून सपाट होतो, आणि फुटलेल्या ठिकाणचं डिटेल कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही, असा फोटो सरळ ब्लॅक अँड व्हाइट केलेला बरा. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर वापरलं तर काही एलईडीखाली आडवे पट्टे येतात ते वेगळंच. तर हे सगळं दुरुस्त करायलाच हवं. नॉइज कमी करा, व्हाइट बॅलन्स लावून रंगाची झाक नीट करा, विंगेतली पाण्याची बाटली काढा, फ्लोअरवरची टेप काढा, ड्रेसमधून डोकावणारी सेफ्टी पिन काढा. यात मुलाचं काहीच बदलत नाही.

गाडी घसरते ती यापुढे. ग्रुप डान्समधल्या दुसऱ्या रांगेतल्या एका मुलीचा फोटो मी १०० टक्के झूम करून बघत होते. डाव्या डोळ्याखाली काजळ ओघळलेलं, वरच्या ओठावर घाम, पुढचा एक दात पडलेला आणि नजर शेजारणीच्या पायाकडे, स्टेप चुकू नये म्हणून. पोर्ट्रेटचा तयार प्रीसेट, म्हणजे चेहऱ्यासाठीचं एका क्लिकचं सेटिंग, लावून बघितला तर घामाबरोबर ओठाजवळचा तीळपण गेला, काजळ उलट आणखी काळं झालं, बुबुळं चमकायला लागली आणि ती शेजारणीकडे बघतेय हेच कळेना. मी प्रीसेट काढून टाकला, नॉइज तेवढा कमी केला आणि फोटो तसाच दिला. काजळसुद्धा ठेवलं, कारण नाच संपत आलाय आणि पोरगी जीव तोडून नाचलीये हे त्या काजळावरूनच कळत होतं.

स्टेजचा मेकअप लांबून दिसावा म्हणून भडक केलेला असतो, क्लोजअपमध्ये तो थापल्यासारखा दिसणारच, आणि तो लपवायला लोक सरसकट स्मूदिंग मारून कातडी गुळगुळीत करतात. त्यापेक्षा फ्रेम थोडी मोठी घ्या ना. नाचाचा फोटो आहे, चेहऱ्याचा नाही.

रिटचिंग करणाऱ्यांमध्ये एक साधा संकेत आहे, जे दोनेक आठवड्यांत आपोआप जाणारं आहे ते काढलं तर चालतं, म्हणजे पुटकुळी, ओरखडा, डास चावल्याची गांधी. तीळ, व्रण, जन्मखूण, वाकडा दात, कातडीचा रंग हे त्या माणसाचं आहे, त्याला हात लावायचा नाही. मुलांच्या बाबतीत मी अजून एक गोष्ट करते, त्यांनाच विचारते. गुडघ्यावरचा खरचटल्याचा डाग मला काढावासा वाटतो आणि पोरगा म्हणतो राहू दे, प्रॅक्टिसला पडलो होतो तेव्हाचा आहे.

चेहऱ्याहूनही जास्त त्रास मला होतो तो शरीर ओढून-ताणून बदललेलं बघून. आठ वर्षांच्या मुलीची कंबर बारीक करायची? पाय कंबरेपर्यंत गेला होता तो फोटोत खांद्यापर्यंत न्यायचा, वाकलेला गुडघा सरळ करायचा, हेही होतं. बहुतेक वेळा आईबाबाच सांगतात, जरा बारीक करा, जरा उजळ करा, पायाचं तेवढं बघा. प्रेमापोटीच सांगतात, मला कळतं. पण आपला पाय तिथे गेला नव्हता हे त्या मुलाला पक्कं माहीत असतं, मग घरी फ्रेम करून लावलेल्या त्या फोटोकडे बघून त्याने काय समजायचं, की जसा नाचलो तसा मी चाललो नाही? पुढच्या वर्षी खरंच पाय खांद्यापर्यंत जाईल तेव्हा त्याचं कौतुक कुठल्या तोंडाने करणार?

चांगली पोझ एडिटमध्ये करायची नसते, शूट करताना मिळवायची असते. उडीच्या अगदी वरच्या टोकाला शरीर क्षणभर थांबल्यासारखं असतं, क्लिक तिथे बसली की सगळी रेष छान मिळते. त्यासाठी गाणं आधी ऐकलेलं पाहिजे, रंगीत तालमीला एकदा जाऊन बसलेलं पाहिजे, समेवर कोण कुठे असतं ते डोक्यात पाहिजे. तालमीत पुढे-मागे फिरून हवे तेवढे फोटो काढता येतात, कुणाची अडचण होत नाही. आणि मागच्या रांगेतल्या प्रत्येक मुलाचा निदान एक तरी नीट फोटो आलाच पाहिजे, याबद्दल मी हट्टी आहे.

फोनवाल्या पालकांनाही थोडं सांगायचंय. फ्लॅश बंद ठेवा. अंतर दुप्पट झालं की फ्लॅशचा उजेड चौथाई उरतो, दहाव्या रांगेतून तो स्टेजवर पोचतच नाही, पुढच्यांची डोकी तेवढी उजळतात, आणि जवळून मारला तर गिरकी घेणाऱ्या मुलाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते. नाइट मोडही नको, तो बऱ्याच फ्रेम घेऊन एकत्र करतो, हलणाऱ्या मुलाचे हात त्यात गायब होतात. काही फोनमध्ये ब्युटी मोड आपण न मागता चालू असतो, तो आधी बंद करा. आता फोन चेहरेसुद्धा बदलून देतात, २०२३ च्या गूगल पिक्सेल ८ मध्ये ओळीने काढलेल्या ग्रुप फोटोंमधून प्रत्येकाचा हवा तो चेहरा निवडून एका फोटोत बसवता येतो. घरच्या अल्बमला ठीक आहे, पण बातमीच्या पानावर असा फोटो मला चालणार नाही.

जाहिरातींबाबत काही देशांनी नियम केलेत. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलच्या शरीराचा आकार बदललेल्या जाहिरातीच्या फोटोवर तसं लिहावं लागतं, नॉर्वेत २०२२ पासून शरीराचा आकार किंवा त्वचा बदललेली असेल तर लेबल लागतं. आणि १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात कलम १२ मध्ये मुलांशी संबंधित गोष्टीत त्यांचं मत विचारात घ्यायला सांगितलंय, कलम १६ मध्ये त्यांच्या खासगीपणाचा हक्क आहे. फोटो छापायचा का हे मुलाला विचारणं यातच येतं असं मला वाटतं.

म्हणून तुम्हाला विनंती की फोटो मागवताना सरळ लिहा, उजेड, रंग आणि नॉइज सुधारलेला चालेल, चेहरा आणि शरीर बदललेला फोटो घेणार नाही, शंका आली तर मूळ फाइल मागू. मुलाला आणि पालकांना विचारलंय का तेही लिहून घ्या. मूळ फाइलमध्ये कधीकधी फोटो काढल्याच्या जागेचं लोकेशन असतं, ते वेबसाइटवर टाकण्याआधी तुमच्याकडे काढून टाकलं जातं ना, तेवढं बघा. आणि जागा भरत नाही म्हणून फोटो क्रॉप करताना पाय कापू नका प्लीज, गेल्या वेळी तीन फोटोंमध्ये मुलं घोट्यापासून कापली होती, नाचाचा फोटो आणि पावलंच नाहीत! त्यापेक्षा दोन फोटो कमी छापा.

आपली,
एक नियमित वाचक