रँचवरच्या आजींना, आभाराचं पत्र

प्रिय आजी,
स. न. वि. वि.

तुम्हाला मराठी येत नाही आणि तोंडावर मी तुम्हाला कधी आजी म्हटलेलंही नाही. तिकडे सगळे तुम्हाला नावानेच हाक मारायचे. पण सत्तरी ओलांडून कुंपणाच्या तारा ओढणाऱ्या बाईला नुसतं नावाने बोलवायला माझी जीभ वळत नाही.

दक्षिण ॲरिझोनात तुमच्या रँचवर, म्हणजे गुरं पाळायच्या त्या अफाट माळावर, पाण्याच्या जागा नोंदवायला आलो, तेव्हा हातात १:२४,००० चा जुना नकाशा, जीपीएस आणि नको तेवढा आत्मविश्वास होता. नकाशातल्या पाणी उपसणाऱ्या पहिल्या पवनचक्कीचं गंजकं चाक तेवढं उरलेलं, दुसरीच्या जागी सोलर पंप. निळ्या तुटक रेघेचा ओढा म्हणजे घोटाभर वाळू. पाणी तिथून धावतं ते मॉन्सूनमध्ये, तेही काही तास. (मॉन्सूनला तिकडेही मॉन्सूनच म्हणतात.)

तुम्ही नकाशा बॉनेटवर पसरलात आणि पेन्सिलने फुल्या मारत सुटलात. मग म्हणालात, गुरांच्या वाटा बघ. हवाई फोटोत त्या लगेच दिसल्या. चाकाच्या आऱ्यांसारख्या चहूकडून येऊन एका ठिकाणी मिळणाऱ्या, आणि मिळतात तिथे टँक. या टँकपायी मी अख्खा दिवस लोखंडी टाकी शोधली होती! तुमच्याकडे टँक म्हणजे मातीचा बांध घालून अडवलेलं तळं. हा इंग्रजी शब्द आपल्या ‘टाकं’वरून किंवा गुजरातीतून गेला असावा, असं काही कोशकार मानतात. म्हणजे शब्द घरचा, आणि अडाणी ठरलो मीच.

सगळ्यात उपयोगी पडली ती तुमची चढाची गोष्ट. पाण्यापासून मैल-दोन मैलांपलीकडे गाय सहसा चरायला जात नाही, एवढं वाचून मी प्रत्येक टँकभोवती छान गोल काढले होते. मध्ये उभा चढ असेल तर तिला अर्धा मैलही जड, म्हणत तुम्ही नकाशातल्या चढ-उतार दाखवणाऱ्या कंटूर रेषा बघून ते गोल पार चेपून टाकलेत. माझा नकाशा खरा झाला तो तिथे.

शेवटच्या संध्याकाळी तुम्ही होल्यांचा थवा एका खडकाआड उतरताना दाखवलात. आत तिनाहा होती. खडकातल्या खळग्यात साठलेलं चार बादल्या पाणी, कडेला मधमाश्या. मी जीपीएस काढला तर तुम्ही माझा हात धरलात, ‘ही हरणांची आहे, राहू दे.’

नकाशा पूर्ण झाला, आजी. ती जागा त्यात कोरी आहे.

तुमचा ऋणी,
नकाशावाला पोरगा