गोळ्यांचा खाडा

ती. बाबा आणि आई,
सा. न.

तोंडावर बोलले असते तर बाबा उठून अंगणात गेले असते, म्हणून लिहून फाईलच्या पहिल्या कप्प्यात ठेवतेय.

काल १८ तारखेला रात्री तुम्ही झोपल्यावर श्रीखंडाच्या डब्यातल्या गोळ्या मोजल्या. एक तारखेला तीसचं पाकीट फोडलं होतं. बारा उरायला हव्या होत्या, एकोणीस निघाल्या. आईला विचारलं तर ती पदराने ओटा पुसत राहिली. मग म्हणाली, "बरं वाटतं त्या दिवशी घेत नाहीत. तेवढ्याच जास्त दिवस पुरतात."

बाबा, बत्तीस वर्षांच्या नोकरीत तुम्ही बिनपगारी खाडा केला नाहीत, आणि गोळ्यांचे सात खाडे? इमॅटिनिब ही तुमच्या रक्ताच्या कॅन्सरवरची गोळी आहे, तापाची नाही, बरं वाटलं की सोडायला. बरं वाटतंय ते तिच्यामुळेच. खाडे पडले की आजार डोकं वर काढतो आणि हीच गोळी पुढे लागू पडेनाशी होऊ शकते. मग जी घ्यावी लागेल ती हिच्या कितीतरी पट महाग.

पैशाचं मला कळतं. एसटीत जन्म काढून पेन्शन तीन हजारांच्या आतबाहेर, त्यात दर तीन महिन्यांनी रक्ताची ती महागडी तपासणी. पण आपण गोळी नाक्यावरच्या दुकानातून छापील किमतीला घेत होतो, हा आपलाच वेडेपणा. डॉक्टरांना विचारून मी हॉस्पिटलच्या औषधालयातून त्याच घटकाची दुसऱ्या कंपनीची आणली. निम्म्याहून कमी पैसे पडले.

दुसरं, सत्तरीच्या पुढच्यांसाठी आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. उत्पन्नाची अट नाही, आधार पुरतं, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार. दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर ते आहेच. घरी घ्यायच्या गोळ्या त्यात बसवता येतील का, ते योजनेतल्या हॉस्पिटलात मदतीला बसलेल्या आरोग्यमित्राकडे विचारून घेऊ. बसल्या नाहीत तरी कार्ड काढायचंच.

तुम्ही म्हणाल, सरकारपुढे हात पसरू? बाबा, तुमच्या गाडीत कॅन्सरचे पेशंट सवलतीच्या तिकिटावर बसायचे. तुम्ही त्यांना पुढची सीट रिकामी करून द्यायचात, एकदा कुणी कुरकुरला तर गाडी थांबवली होतीत. त्यातल्या कुणाला तुम्ही भिकारी समजलात का?

आणि ही गोळी स्वस्त झाली तीही कुणाच्या मेहेरबानीने नाही. नोव्हार्टिस या स्विस कंपनीची ग्लिव्हेक, म्हणजे हीच, एके काळी महिन्याला सुमारे १ लाख २० हजारांना पडायची. इथल्या कंपन्या ८-१० हजारांत द्यायच्या. पेटंटचं, म्हणजे ही गोळी एकट्यानेच विकायच्या हक्काचं, भांडण सर्वोच्च न्यायालयात गेलं, त्यात मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन कंपनीविरुद्ध उभी होती. १ एप्रिल २०१३ ला कंपनी हरली. तुम्ही संपात मांडव घालून बसलेला माणूस, हे तुम्हाला मी काय समजावू? दुसऱ्यांनी भांडून मिळवलेली गोळी आपण डब्यात साठवतोय.

माझ्या पैशांचा संकोच नको. मी अजून जुन्या करपद्धतीत आहे. ज्येष्ठ आईवडिलांच्या अशा आजारावर केलेल्या खर्चाची १ लाखापर्यंतची वजावट मला आयकरात मिळते, फक्त तज्ज्ञ डॉक्टरांची तशी चिठ्ठी लागते. तेव्हा बिलं फेकू नका. आई, मागच्या महिन्याचं बिल तू पोह्यांच्या डब्याखाली घातलं होतंस, ते मी काढून घेतलंय.

मुंबईला तपासणीला येताना रेल्वेनेच या. हॉस्पिटलच्या फॉर्मवर पेशंटला स्लीपर आणि थ्री एसी पूर्ण माफ आहे, सोबतच्याला ७५ टक्के सूट. एसटीवरची निष्ठा मला ठाऊक आहे, पण रात्रभर घाटातले हादरे खायची ही वेळ नव्हे.

आई, गोळी रात्रीच्या जेवणानंतर, मोठा पेलाभर पाण्याबरोबर. कॅलेंडरवर रोज फुली मारायची, आणि ती बाबांनी नाही, तू मारायचीस.

कार्डासाठी पुढच्या रविवारी येते. बाबांचं आधार अजून त्या जुन्या बटणांच्या फोनच्या नंबरावर आहे. तो फोन कपाटातून काढून चार्ज करा आणि रिचार्ज संपलाय का बघा, ओटीपी त्याच्यावरच येणार.

तुमची,
ताई